दोन दिशांच्या ओळी

दिल्लीत प्रथमच आलेल्या माणसाचे लक्ष तेथील रस्त्यांच्या नामफलकांकडे गेल्यावाचून राहत नाही. एकाच रस्त्याचे एकच नाव, पण ते चार लिप्यांत लिहिलेले असते. देवनागरी, रोमन, गुरुमुखी आणि उर्दू अशा चार ओळी एकाखाली एक मांडलेल्या दिसतात. दिल्लीच्या राजभाषाविषयक कायद्याने सन २००० मध्ये हिंदीला राजभाषेचे आणि पंजाबी व उर्दू यांना दुय्यम राजभाषेचे स्थान दिले. फलकांवरची ही चौकडी मात्र त्याहून जुन्या सहवासाची साक्ष देते. या चार ओळींपैकी तीन डावीकडून उजवीकडे धावतात आणि चौथी उजवीकडून डावीकडे. तरीही फलकावर कोणाची कोणाशी टक्कर होत नाही, कारण प्रत्येक लिपीला तेथे स्वतःची स्वतंत्र ओळ मिळालेली आहे. एका घरात वेगवेगळ्या खोल्यांत राहणाऱ्या भावांप्रमाणे त्या गुण्यागोविंदाने नांदतात.

खरा प्रश्न उभा राहतो तो या भावांना एकाच खोलीत, म्हणजे एकाच ओळीत आणून बसवल्यावर. उर्दू वाक्याच्या मध्येच एखाद्या कंपनीचे इंग्रजी नाव येते, टपालाचा पत्ता येतो, कचेरीच्या पत्राचा क्रमांक येतो, तारीख येते, दूरध्वनीचा क्रमांक येतो. अशा वेळी वाचकाची नजर उजवीकडून निघते, वाटेत थबकते, उडी मारून इंग्रजी शब्दाच्या डाव्या टोकाशी जाते, तो शब्द डावीकडून उजवीकडे वाचते, पुन्हा उडी मारते आणि आपला मूळ प्रवास पुढे चालू करते. माणसाच्या डोळ्याला ही कसरत सवयीने साधते. यंत्राला ती शिकवावी लागली, आणि ते शिक्षण अजूनही पुरते झालेले नाही.

मराठी माणसाला हा प्रश्न दूरचा वाटण्याचे कारण नाही. ज्या शब्दांच्या आधारावर मराठी कचेरी उभी आहे, ते कागद, कलम, दौत, शाई, दप्तर, अर्ज, तारीख, नक्कल आणि मसुदा हे शब्द फारसी-अरबीतून आलेले आहेत. इतकेच नव्हे, तर ‘मजकूर’ हा शब्दही तिकडचाच आहे. दक्षिणेतील सुलतानशाह्यांच्या काळात द्विभाषिक कागदपत्रे निघत, त्यांत फारसी मजकुराखाली मोडी लिपीतला मराठी मजकूर लिहिलेला असे. एक लेखणी उजवीकडून चाले, दुसरी डावीकडून. दोन दिशांचा हा संसार महाराष्ट्राच्या दप्तरखान्याने शतकानुशतके पाहिलेला आहे. त्या काळी तो निभावला, याचे कारण साधे होते. लिहिणारा हात आपण काय लिहीत आहोत हे जाणत होता.

हेच काम पुढे दिल्लीच्या कातिबांनी केले. कातिब म्हणजे सुंदर हस्ताक्षरात मजकूर लिहून देणारा व्यावसायिक लेखक. जामा मशिदीसमोरच्या उर्दू बाजारात आणि आसपासच्या गल्ल्यांत पुस्तकविक्रेते, प्रकाशक आणि कातिब यांची वस्ती होती. उर्दूचे छापील जग दीर्घकाळ शिळाछापावर चालले. विशिष्ट तेलकट शाईने लिहिलेला मजकूर दगडावर उतरवायचा आणि दगडावरून कागदावर छापायचा, अशी ती पद्धत. १८३० च्या दशकात निघालेले ‘दिल्ली उर्दू अखबार’ असेच छापले जाई. लखनौचा १८५८ साली निघालेला मुन्शी नवल किशोर यांचा छापखाना आणि मुंबईचे फारसी ग्रंथ छापणारे छापखाने यांनीही शिळाछापाचाच आश्रय घेतला. शिळाछाप स्वस्त होता हे एक कारण झाले. दुसरे कारण उर्दूच्या अक्षरवळणात दडलेले आहे, आणि तेच महत्त्वाचे होय.

अरबी लिपीची अनेक वळणे आहेत. त्यांपैकी ‘नस्ख’ हे वळण सरळ आडव्या रेषेवर चालते. अरबी ग्रंथ बहुधा त्यात छापले जातात. उर्दू वाचकाला मात्र प्रिय आहे ते ‘नस्तालीक’. इराणात चौदाव्या-पंधराव्या शतकांत घडलेल्या या वळणात प्रत्येक शब्द वर उजवीकडे सुरू होतो आणि खाली डावीकडे उतरत येतो. उतरणीवरून पाणी ओघळावे तशी त्यातील अक्षरे एकमेकांत मिसळत खाली येतात. एकाच अक्षराचे रूप त्याच्या पुढे कोण आहे आणि मागे कोण आहे यावर अवलंबून असते. शब्दारंभी एक, मध्ये दुसरे, अंती तिसरे आणि एकटे असताना चौथे, अशी चार रूपे तर अरबी लिपीत सर्वत्रच असतात. नस्तालीकमध्ये शेजाऱ्यानुसार ती रूपे आणखी कितीतरी बदलतात. अशा लिपीचे खिळे पाडणे म्हणजे वाहत्या पाण्याच्या विटा पाडण्यासारखे आहे. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, नस्तालीकचे खिळे पाडून पुस्तके छापली गेली खरी. पण वाचकांच्या मनात ते रूप रुजले नाही. देवनागरी आणि रोमन मजकूर खिळे जुळवून छापला जात असता उर्दू वर्तमानपत्रे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही कातिबांच्याच हातून उतरत राहिली.

हा कोंडा फुटला तो १९८१ साली. पाकिस्तानातील मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप कंपनीच्या साहाय्याने ‘नूरी नस्तालीक’ सिद्ध केले आणि ‘जंग’ या दैनिकाने ते छपाईत आणले. त्यामागची युक्ती धाडसी होती. सुटी अक्षरे जुळवण्याऐवजी त्यांनी उर्दूत येणाऱ्या अक्षरसमूहांच्या १८,००० ते २०,००० च्या घरातल्या आकृती हाताने रेखाटून यंत्रात भरल्या. यंत्राने अक्षरे जोडायची नाहीत, तयार जोडणी उचलून ठेवायची, असा तो मार्ग होता. पुढे १९९४ च्या सुमारास दिल्लीतील एका कंपनीने ‘इनपेज’ नावाची आज्ञावली तयार केली आणि हेच अक्षरवळण साध्या घरगुती संगणकावर आणून ठेवले. भारतातील आणि पाकिस्तानातील उर्दू छपाईचा चेहरामोहरा या दिल्लीकर आज्ञावलीने बदलला, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. तिच्यात एकाच ओळीत उर्दू आणि इंग्रजी शब्द टंकित करता येत. कातिबाला संगणकाशी जुळवून घेणे भाग पडले. कोणी शिकले, कोणी लेखणी खाली ठेवली. दिल्लीत १९९६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेने उर्दू सुलेखनाच्या शिक्षणाशी संगणकावरील मांडणीची सांगड घातली, ती याच बदलाच्या जाणिवेतून.

परंतु प्रश्न तेवढ्याने सुटला नाही. इनपेजच्या आरंभीच्या आवृत्त्यांत अक्षरांना दिलेले सांकेतिक क्रमांक तिचे स्वतःचे होते. त्या आज्ञावलीत लिहिलेला मजकूर दुसऱ्या आज्ञावलीत नेला की त्याची निरर्थक चिन्हे होत. म्हणून कित्येक उर्दू वर्तमानपत्रांनी महाजालावर आपली पाने छायाचित्रांच्या रूपाने ठेवली. ती डोळ्यांना वाचता येत, पण त्यातील एक शब्दही यंत्राला शोधता येत नसे. जगातील सर्व लिप्यांना एकाच सूचीत स्थान देणारी ‘युनिकोड’ ही पद्धती १९९१ पासून प्रसिद्ध होऊ लागली, आणि तिच्यामुळे दोन दिशांच्या प्रश्नाला प्रथमच एक सार्वत्रिक नियमावली मिळाली.

या नियमावलीचे मूळ तत्त्व मराठी टंकलेखकाला चटकन समजेल असे आहे. जुन्या मराठी टंकलेखन यंत्रावर ‘कि’ हे अक्षर उमटवायचे तर आधी पहिली वेलांटी उमटवावी लागे आणि मग ‘क’, कारण कागदावर वेलांटी डावीकडे दिसते. युनिकोडच्या संगणकावर मात्र आधी ‘क’ आणि मग वेलांटी असा क्रम आहे, कारण उच्चारात ‘क’ आधी येतो आणि इकार नंतर. म्हणजे यंत्राच्या स्मरणात उच्चाराचा क्रम राहतो आणि पडद्यावर दिसण्याचा क्रम यंत्र वेगळा लावते. नेमका हाच भेद दोन दिशांच्या ओळीत आहे. उर्दू आणि इंग्रजी शब्द मिसळलेले वाक्य स्मरणात ठेवताना संगणक ते बोलण्याच्या क्रमानेच ठेवतो. तेथे डावे-उजवे काहीच नसते, केवळ आधी आणि नंतर असते. ओळ दाखवण्याची वेळ आली म्हणजे तो ठरवतो की कोणता तुकडा कोठे मांडायचा आणि कोणत्या दिशेने.

बोलण्याच्या क्रमाचा हा आग्रह विनाकारण नाही. समजा, उर्दू ओळीच्या शेवटी चार शब्दांचे एक इंग्रजी नाव आले आणि ओळीत दोनच शब्दांना जागा उरली. अशा वेळी नावाचे पहिले दोन शब्द वरच्या ओळीत आणि उरलेले दोन खालच्या ओळीत गेले पाहिजेत. यंत्राने ओळ तोडण्यापूर्वीच शब्द दिसण्याच्या क्रमाने मांडून ठेवले असतील, तर नावाचा शेवट वर आणि आरंभ खाली अशी विपरीत गती होते. म्हणून नियम असा की आधी ओळ तोडावी आणि मग त्या ओळीपुरता दिशेचा विचार करावा. इंग्रजी शब्द हाताने उलटे टंकित करून वेळ मारून नेणारे लोक नेमके येथे फसतात. ओळीची लांबी थोडी बदलली, की त्यांची सारी मेहनत मातीमोल होते.

दिशा ठरवताना संगणक अक्षरांचे प्रकार पाहतो. रोमन किंवा देवनागरी अक्षरे निःसंशय डावीकडून चालणारी. अरबी लिपीतील अक्षरे निःसंशय उजवीकडून. या दोहोंना दिशेचा ठाम स्वभाव आहे. अंकांचा स्वभाव मवाळ आहे. उर्दू ओळीतही संख्या डावीकडून उजवीकडेच लिहिली जाते, परंतु संख्येच्या सभोवतीच्या खुणा शेजाऱ्यांच्या प्रभावाखाली येतात. कंस, मोकळी जागा आणि अवतरणचिन्हे यांना तर स्वतःची दिशाच नाही. ज्या बाजूचे शेजारी प्रबळ त्या बाजूला ती झुकतात. दरबारी राजकारणातील मुत्सद्द्यांशी या चिन्हांचे साम्य कोणाला आठवले तर नवल नाही.

आता या नियमांतून प्रत्यक्षात काय घडते ते पाहिले पाहिजे. एखाद्या परिच्छेदाची मुख्य दिशा वेगळी सांगितलेली नसेल, तर त्यातील पहिल्या ठाम स्वभावाच्या अक्षरावरून ती ठरते. समजा, दिल्लीतील एखाद्या वकिलाच्या कचेरीत उर्दू मजकुराचा शिरोभाग टंकित होत आहे. त्यात एक इंग्रजी नाव, मग ‘बनाम’ म्हणजे ‘विरुद्ध’ हा उर्दू शब्द, आणि मग दुसरे इंग्रजी नाव आहे. पहिले अक्षर रोमन असल्यामुळे संगणक तो सारा परिच्छेद इंग्रजी वळणाचा समजतो. वादीचे नाव डावीकडे आणि प्रतिवादीचे उजवीकडे मांडले जाते. उर्दू वाचक मात्र ओळ उजवीकडून वाचू लागतो. त्याच्या दृष्टीने प्रतिवादी हा वादी होतो आणि वादी हा प्रतिवादी! एकही अक्षर चुकलेले नाही, एकही शब्द गळलेला नाही, आणि तरीही दाव्याची बाजू फिरलेली आहे. मुद्रितशोधकाला ही चूक सापडणे कठीण, कारण प्रत्येक शब्द सुटा तपासला तर तो बिनचूकच असतो.

तारखांची गंमत याहून सूक्ष्म आहे. उर्दू शब्दानंतर १२/५/२०२४ अशी तारीख तिरक्या रेघा देऊन लिहिली, तर ती जशीच्या तशी डावीकडून उजवीकडे दिसते. तीच तारीख आडव्या रेघा देऊन १२-५-२०२४ अशी लिहिली, तर पडद्यावर २०२४-५-१२ असे दिसते. कारण नियमावलीने तिरक्या रेघेला संख्येच्या अंतर्भागाचा मान दिला आहे. आडव्या रेघेला, अरबी लिपीच्या शेजारात, तो दिलेला नाही. वर्ष चार अंकी असेल तोवर वाचक सावरून घेतो. परंतु ०३-०४-०५ अशी आखूड तारीख ०५-०४-०३ अशी उमटली, तर जन्म कोणत्या दिवशी झाला हे ठरवणार कोण? दूरध्वनीच्या क्रमांकाचेही असेच होते. दिल्लीच्या ०११ या अंकांमागे आडवी रेघ देऊन पुढचा क्रमांक लिहिला, की ०११ ओळीत उजवीकडे पडतात आणि उरलेला क्रमांक डावीकडे जातो.

कचेरीच्या दृष्टीने सर्वांत घातक उदाहरण पत्रक्रमांकाचे आहे. समजा, एका पत्राचा क्रमांक आधी १२, मग तिरकी रेघ, मग ३४५, पुन्हा रेघ आणि शेवटी दोन रोमन अक्षरे असा आहे. दुसऱ्या पत्राचा क्रमांक तीच दोन रोमन अक्षरे आधी, मग रेघ, १२, रेघ, ३४५ असा आहे. दोन्ही क्रमांक वेगळे; दोन्ही पत्रे वेगळी. उर्दू वाक्यात शब्दामागे हे क्रमांक जसेच्या तसे टंकित केले, तर नियमांच्या खेळाने दोन्ही क्रमांक छापील पानावर अगदी एकसारखे दिसतात. यंत्राच्या स्मरणात ते भिन्न असतात, कागदावर मात्र जुळे. नस्ती शोधणाऱ्या कारकुनाच्या हाती कागद असतो, यंत्राचे स्मरण नसते. परदेशी नोकरीसाठी जाणाऱ्या तरुणाच्या प्रमाणपत्राचे अरबी भाषांतर करताना त्यात असे क्रमांक, इंग्रजी नावे आणि तारखा ओळीओळीला येतात. त्या कागदावर त्याची उपजीविका अवलंबून असते. तेव्हा हा प्रश्न केवळ छपाईच्या देखणेपणाचा नाही, हे ओघानेच आले.

यावर उपाय आहेत. पहिला म्हणजे परिच्छेदाची दिशा यंत्राच्या अंदाजावर न सोडता स्वतः सांगणे. दुसरा, न दिसणाऱ्या दिशाखुणा वापरणे. युनिकोडमध्ये काही चिन्हे अशी आहेत की ती छापली जात नाहीत, जागा व्यापत नाहीत, पण शेजारच्या चिन्हांना दिशा देतात. सन २०१३ मध्ये त्यात आणखी एका प्रकारच्या खुणांची भर पडली. तुकड्याच्या आरंभी एक खूण आणि शेवटी दुसरी, असे कुंपण घातले की आतला क्रमांक बाहेरच्या मजकुराला बिघडवत नाही आणि बाहेरचा मजकूर आतल्या क्रमांकाला. वरील दोन पत्रक्रमांकांना असे डावीकडून चालणारे कुंपण घातले, तर दोन्ही आपापल्या खऱ्या रूपात उमटतात. त्याच वर्षी कंसांचीही व्यवस्था सुधारली. त्यापूर्वी उर्दू ओळीच्या शेवटी इंग्रजी नाव आणि कंसात त्याचे संक्षिप्त रूप आले, की मिटणारा कंस आपल्या जोडीदाराला सोडून ओळीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसे. आता कंसाची जोडी एकत्र पाहून तिची दिशा ठरवली जाते.

ग्रंथांच्या मांडणीसाठी विद्वानांनी वेगळा मार्ग चोखाळला. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी घडवलेली ‘टेक’ ही मांडणीची आज्ञावली गणिताच्या ग्रंथांसाठी जगभर मान्यता पावलेली आहे. १९८७ साली क्नूथ आणि पिएर मॅके यांनी दोन दिशांचा मजकूर एकत्र मांडण्याची रीत प्रसिद्ध केली. तिच्या नावात ‘टेक’च्या मागे त्याचीच रोमन अक्षरे उलट्या क्रमाने जोडलेली होती, नावच दोन्ही दिशांनी सारखे वाचले जाई. पुढे १९९२ साली जर्मनीतील क्लाउस लागाली यांनी अरबीसाठी ‘अरबटेक’ सिद्ध केली आणि २००४ साली जोनाथन क्यू यांच्या ‘झीटेक’ने युनिकोडचा मजकूर व संगणकातील साधे अक्षरसंच थेट वापरण्याची सोय केली. या मार्गाचे वैशिष्ट्य असे की येथे लिहिणाराच प्रत्येक तुकड्यामागे सांगतो, की हा भाग इंग्रजी आहे, हा उर्दू आहे. यंत्राला तर्क करावा लागत नाही. श्रम अधिक, पण संशयाला जागा कमी.

दिशेचा प्रश्न सुटला तरी रूपाचा उरतो. रोमन अक्षरे सरळ जमिनीवर पाय रोवून उभी असतात. नस्तालीकचा शब्द जिन्यावरून उतरत येतो. दोघांना एका ओळीत बसवताना इंग्रजी शब्द कोणत्या पायरीवर ठेवायचा? तो उर्दूच्या मानाने मोठा दिसला तर ओळ फाटल्यासारखी होते आणि लहान केला तर वाचवत नाही. शिवाय नस्तालीकच्या शब्दाला उंची अधिक लागते, म्हणून दोन ओळींतील अंतरही वाढवावे लागते. १८,००० आकृत्या साठवण्याऐवजी अक्षरे नियमांनी जोडून नस्तालीक घडवण्याची विद्या आता बरीच पुढे गेली आहे. २०१२ च्या विंडोज प्रणालीत उर्दूसाठी नस्तालीकचा अक्षरसंच आला आणि २०१४ साली गुगलने आपला नस्तालीक अक्षरसंच सर्वांसाठी विनामूल्य खुला केला. कातिबाच्या मनगटातील कौशल्य आता थोडेथोडे नियमांच्या रूपाने यंत्रात उतरत आहे.

आणखी एक खाचखळगा सांगितल्यावाचून हे विवेचन पुरे होणार नाही. अरबी आणि उर्दू यांची लिपी एक असली तरी काही अक्षरांचे युनिकोड क्रमांक निराळे आहेत. अरबी ‘काफ’ वेगळा आणि उर्दू ‘काफ’ वेगळा. अरबी ‘ये’ वेगळा आणि उर्दू ‘ये’ वेगळा. शब्दाच्या मध्यभागी दोघांचे रूप डोळ्यांना बहुतांशी सारखेच दिसते. समजा, एका यादीत ‘करीम’ हे नाव अरबी कळफलकावर टंकित झाले आणि शोधणाऱ्याने ते उर्दू कळफलकावर टंकित केले. दोन्ही नावे पडद्यावर हुबेहूब सारखी, तरीही यंत्र सांगणार की असे नाव यादीत नाही. माणूस आपल्या नावाकडे बोट दाखवील, पण यंत्राला ते दिसणार नाही. म्हणून शोधाची व्यवस्था करताना अशा जुळ्या अक्षरांना एक मानण्याची दक्षता घ्यावी लागते.

अंकांची एक गोष्ट या संदर्भात मोठी बोधप्रद आहे. मराठीत २५ ला ‘पंचवीस’ म्हणतात. आधी पाच उच्चारायचे आणि मग वीस. उर्दूतही ‘पच्चीस’ आणि अरबीतही आधी पाच, मग वीस. उजवीकडून वाचत आलेल्या अरबी वाचकाला संख्येत प्रथम भेटतो तो एकं स्थानचा अंकच. भारतात जन्मलेली दशमान अंकपद्धती अरबांनी स्वीकारली आणि त्यांच्याकडून ती युरोपात गेली. तीच अंकमाला आज दोन दिशांच्या लिप्यांमधील सामाईक मालमत्ता आहे. भांडणही तिच्यावरूनच अधिक होते. भाऊबंदकीचा नियम लिप्यांनाही चुकलेला नाही असे दिसते.

या साऱ्याचा सारांश काय? मिश्र मजकूर टंकित करणाराने परिच्छेदाची दिशा आरंभीच निश्चित करावी. मोकळ्या जागा देऊन शब्द ढकलू नयेत. इंग्रजी शब्द उलटे लिहू नयेत. क्रमांक आणि तारखा यांना कुंपण घालावे, आणि महिन्याचे नाव शक्यतो अक्षरांत लिहावे. शेवटी छापलेला कागद मूळ कागदाशी अंकाअंकाने ताडून पाहावा, आणि हे काम दोन्ही लिप्या वाचता येणाऱ्या माणसाकडे द्यावे. यंत्र नियम पाळते. वादी कोण आणि प्रतिवादी कोण, हे त्याला ठाऊक नसते. पूर्वीचा कातिब जे न सांगता जाणत होता, ते आता यंत्राला सांगावे लागते, एवढाच फरक.

महाराष्ट्रातील अकोला जिल्ह्यात पातूर नावाचे गाव आहे. तेथील नगरपरिषदेच्या फलकावर वर मराठी आणि खाली उर्दू अशा दोन ओळी आहेत. उर्दूच्या ओळीला आक्षेप घेतला गेला आणि तो वाद अखेर दिल्लीत, सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायमूर्ती सुधांशू धुलिया आणि न्यायमूर्ती के. विनोद चंद्रन यांनी निर्णय दिला. मराठीबरोबर उर्दूचा वापर करण्यास राज्याच्या २०२२ च्या कायद्याची आडकाठी नाही, आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे, असा त्याचा आशय होता. त्या फलकावरच्या दोन ओळी एकमेकींकडे तोंड करून चालतात. एक डावीकडून निघते, एक उजवीकडून, आणि गावाचे नाव दोघीही सांगतात. फलकावर त्यांना एकत्र राहू द्यायचे की नाही हे न्यायालयाने सांगितले. पानावर, एकाच ओळीत, त्यांना एकमेकींचा अर्थ न बिघडवता राहू देणे हे मात्र कळफलकावर बसलेल्या माणसाच्या हाती आहे. त्याने थोडी दक्षता घेतली, तर उर्दू वाचणाऱ्या नागरिकाला कागदावरचे आपले नाव, आपली जन्मतारीख आणि आपला क्रमांक, जसे आहेत तसेच वाचता येतील.